राय अजून उभी आहे

बर्क्स काउंटी, पेनसिल्व्हेनिया
२८ मे

प्रिय मॅलन,

मागच्या पत्रात मी लिहिलं की राय फुलावर आली. ते चूक होतं. तेव्हा नुसत्या ओंब्या बाहेर पडल्या होत्या. चुकलेलं खोडायचं नाही, खाली बरोबर ते लिहायचं, असं आईने स्वयंपाकघरातल्या टेबलावर आपल्याला शिकवलं, म्हणून हे आधी. तू विस्कॉन्सिनला बसून राय आडवी पाडायला किती दिवस उरले ते मोजत असशील तर पुन्हा मोज. आज सकाळी रायेतून चालत गेले तेव्हा माझ्या टोपीवर पिवळी धूळ पडली. म्हणजे आता खरा फुलोरा. ओढ्याकडचा भाग मात्र अजून मागे आहे.

राय म्हणजे गव्हाचीच बहीण, पण ही माझ्या डोक्याच्या वर गेली आहे. रविवारी चर्चबाहेर टायटसकाका सगळ्यांसमोर म्हणाले, "एल्वा, त्यात गाय शिरली तर सापडायची नाही गं, गळ्यात घंटा बांध." सगळे हसले, मीही हसले. मग ते गंभीर झाले. डॅडींचा पाय मोडल्यापासून शेताचे असे हाल बघवत नाहीत, शनिवारी आम्ही ट्रॅक्टर घेऊन येतो, राय कापून एका दिवसात नांगरून देतो, म्हणाले. मला सांगायचं होतं की राय मुद्दाम ठेवली आहे, फुलल्यावर रुळाने आडवी पाडून तिच्यातच सोयाबीन पेरायला. तोंडून नुसतं 'थँक्यू' निघालं. आपल्याकडे तो होकारच. एडनाकाकूंनी तिथेच कोणी कुठला पदार्थ आणायचा ते वाटून टाकलं.

नांगरलं की संपलं, मॅलन. रायेचा तो तुकडा डॅडींनी मला एका वर्षापुरता दिलाय. आडव्या पडलेल्या रायेच्या जाड थरातून सोयाबीन वर आलं आणि रानमाठाचं तण खालीच दबलं, तर पुढेही नांगर लागणार नाही. नाहीतर आहेच आपलं नांगरा, कोळपा, पुन्हा कोळपा, आणि जोराचा पाऊस झाला की ओढ्याला कॉफीच्या रंगाचं पाणी.

काल धारा काढायच्या वेळी काकांच्या गोठ्यात जाऊन मी एका दमात सांगितलं, शनिवारी येऊ नका. टायटसकाका म्हणाले, "बापाचा पाय मोडलाय, तुझं डोकं कधी मोडलं?" आतून एडनाकाकू ओरडल्या, "अहो, पोरीला आधी बसू तरी द्या!" ते म्हणाले, "आणि रानमाठ माजला, की ऑगस्टमध्ये उपटायला आम्हालाच बोलावशील ना?" मी म्हटलं, "हो, बोलवीन." यावर ते हसले, पण नेहमीसारखे नाही. निघताना काकूंनी हातात ॲपल-पायची थाळी ठेवली. शनिवारी आमच्याकडे आणायचा म्हणून आधी करून बघितलेला होता तो. मी रस्ताभर रडले.

घरी डॅडींना सांगितलं. आपल्या घराने आजवर कोणाची मदत परत पाठवलेली नाही. त्यांनी प्लास्टरमधला पाय स्टुलावर नीट ठेवला. मग म्हणाले, "लवकर दाबली तर पुन्हा उभी राहते, उशीर केला तर दाणे गळतात. तीन वर्षांपूर्वी याच टेबलावर कोणीतरी ओरडून सांगितलं होतं मला." वर म्हणाले, "त्या रुळात वजनासाठी पाणी किती भरायचं, ते ज्याने वेल्डिंग केलं त्यालाच ठाऊक."

त्या भांडणानंतर तू घर सोडलंस तेव्हापासून ते तुझं नाव घेत नाहीत, कालही घेतलं नाही त्यांनी. घेतलं असं मी लिहिणार नाही. पण आज जेवण झाल्यावर आईला म्हणाले, वरच्या खोलीत कुबट वास येतोय, खिडक्या उघड. त्या पायाने ते जिना चढलेलेच नाहीत, तुझ्या खोलीतला वास त्यांना कुठून येणार?

ट्रॅक्टर मी चालवीन. पुढे रूळ, मागे पेरणीयंत्र, एकाच फेरीत दोन्ही. पण बी मातीत जातंय की रायेवरच राहतंय, हे बघत मागून चालायला कोणीतरी हवं, आणि ते तू असावंस असं मला वाटतं. डॅडींनाही वाटतं, हे मी माझ्या जबाबदारीवर लिहिते. तेवढ्यासाठी हे पत्र. तू आलास तरी आणि नाही आलास तरी, ओढ्याकडची राय फुलली की मी रूळ फिरवणार. पुढच्या गुरुवारी, सहा जूनला, दव सुकल्यावर.

तुझीच,
एल्वा