भरली ढोबळी मिरची, दिवस मावळायच्या आत

८ डिसेंबर
सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या. उजवा हात मोडला. प्लॅस्टर. म्हणजे स्वयंपाकघर आजपासून माझं. लग्नाला दोन वर्षं झाली – तिथे मी फक्त पाणी प्यायला जायचे.

भांडण असं कधी झालं नाही. मी पारोळ्याकडच्या शेतकऱ्याची मुलगी, हे चाळीसगावचे मारवाडी जैन. अखिलशी मी कोर्टात लग्न केलं. सासूबाई मला ‘बेटा’ म्हणतात, आणि मी केलेलं काही खात नाहीत. एवढंच.

आज त्यांनी खाकरा खाल्ला. डाव्या हाताने.

९ डिसेंबर
बँकेतून घरी यायला पाच वाजतात. दिवस मावळला की या घरात कुणी खात नाही. आणि थंडीत तो कसा पटकन मावळतो! सासऱ्यांना – पप्पांना – साखर आहे, डॉक्टरांनी शेव-फरसाण बंद केलंय. म्हणजे झटपट हवं, तळलेलं नको. कांदा, लसूण, बटाटा तर नकोच.

ढोबळ्या मिरच्या घेतल्या, लहान-लहान. आत मोड आलेले मूग, दाण्याचं कूट, लिंबू. तव्यावर झाकून वाफवल्या. बऱ्या झाल्या.

सासूबाई म्हणाल्या, “मोड आलेलं आम्हाला चालत नाही बेटा. त्यात जीव असतो.”

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. अखिलनेही नाही. त्याने चार मिरच्या अंगणात उभ्याने संपवल्या.

१० डिसेंबर
मूग रद्द. बेसन कोरडं भाजलं, त्यात पनीर कुस्करलं, तीळ, जिरं, कूट. मिरच्या अर्ध्या चिरून बिया काढल्या, दाबून भरल्या. थेंबभर तेल.

पप्पांनी दोन खाल्ल्या. “अजून आहे का?”

सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. पप्पांनी पेपर उघडला.

सासूबाई – खाकरा.

१२ डिसेंबर
आज आठम, म्हणजे अष्टमी. आठमीला घरात हिरवी भाजी चिरत नाहीत. मला हे चिरून झाल्यावर कळलं.

भरलेल्या मिरच्या भांडीवाल्या लताबाईंना दिल्या. बाथरूममध्ये नळ सोडून रडले. मग पापड भाजले.

१३ डिसेंबर
पुन्हा मिरच्या. पुन्हा खाकरा.

१४ डिसेंबर
रविवार. मिरच्या तव्यावर होत्या. मागून आवाज आला, “आच कमी कर. खालून जळतात.”

सासूबाई दारात. हात गळ्यातल्या झोळीत. मी गॅस कमी केला. त्या तिथेच उभ्या राहिल्या.

“कुणी शिकवलं हे?”

“कुणी नाही. चुकत चुकत.”

“मीठ कमी वाटतंय.”

“चाखून बघितलं नाही तुम्ही.”

तोंडातून गेलं ते गेलं. त्यांनी ताट पुढे केलं. मी एक वाढली. त्यांनी ओट्याला टेकून डाव्या हाताने तुकडा मोडला, फुंकर मारली, खाल्ला. मग दुसरा. सगळी संपवली.

“कमीच आहे,” म्हणाल्या.

मी मिठाचा डबा पुढे सरकवला. त्यांनी घेतलं नाही. दुसरी मिरची घेतली.

मग अचानक – “घरी बोलणं होतं का तुझं?”

सांगितलं. आई चोरून फोन करते. आबा घेत नाहीत. कोर्टातून आम्ही थेट गावी गेलो होतो, तेव्हा आबांनी ओट्यावरूनच सांगितलं होतं, “आम्हनाकरता तू मरी गयी.” त्यानंतर एक शब्द नाही.

 बाहेर ऊन भिंतीवर चढत होतं, सासूबाई ते बघत होत्या. मग म्हणाल्या, “गाव नेमकं कुठे तुमचं? पारोळ्याच्या अलीकडे की पुढे?”

“अलीकडे. फाट्यावर उतरायचं.”

“हं.”

१५ डिसेंबर
चार केल्या, चारही संपल्या. मीठ बरोबर आहे असं कुणी म्हटलं नाही.

१७ डिसेंबर
सकाळी सासूबाई घरात नव्हत्या. पप्पा म्हणाले, “मंदिरात गेली असेल.” माझ्याकडे न बघता.

दुपारी बँकेत फोन आला. आबांचा. मी उचलला.

“तुनी सासू आठे येल शे. यष्टीमा, एकलीच. हात प्लॅस्टरमा.” म्हणजे मंदिरात नाही, आमच्या गावी.

“रविवारले ये. जावईले बी लई ये.”