वही एक, मजकूर पाहिला

मंगळवार, संध्याकाळ

आज शुद्धलेखनाचा वध झाला आणि शोक करायला मी एकटाच होतो. औरंगपुऱ्यात चुकीच्या जागी लावली म्हणून पोलिसांनी काल उचलून नेलेली माझी गाडी आज सोडवली. आतल्या सामानाची यादी मिळाली, तीत 'छत्री'ची 'छञी' झालेली! हवालदारांना म्हटलं, "साहेब, हा ञ पञ्चनाम्यातला, छत्रीतला नव्हे."

ते हसले. "व्हय का सर? तुमचं बी अक्षर लई बारीक आहे. चष्मा लावावा लागला."

मीही हसलो. घरी येऊन यादी नीट वाचली, तेव्हा शेवटची ओळ दिसली. 'वही एक, मजकूर पाहिला.'

यादी करायची ती आतलं काही हरवू नये म्हणून. वही मोजा, लिहून ठेवा. पण ती वाचायचा अधिकार कुठून आला? आणि कशासाठी?

सौ. म्हणाली, "अहो, तुमचं अक्षर मला वीस वर्षांत लागलं नाही, त्यांना काय लागणार?" पण त्यांनी चष्मा लावला होता.

त्या वहीत पेपरसाठीची माझी बातमी आहे. वाळूच्या गाड्या कोणत्या पोलिसाच्या ओळखीनं सुटतात, हे लासूर स्टेशनच्या एका माणसानं मला सांगितलं. "माझं नाव कुठंच लिहू नका, सर," एवढंच त्यानं मागितलं होतं.

दुपारपासून तो फोन उचलत नाही. मी त्याला शब्द दिला होता, आणि तरी वहीत त्याचं नाव लिहिलं. गावासकट.