बादलीतला शिमर

३ मार्च

डोळ्यांचे डॉक्टर हिला तपासून म्हणाले, "आजींचा एक डोळा गेलाच. दुसऱ्याला उजेड कळतोय तोवर आशा आहे. कमी झालासा वाटला, की त्याच दिवशी घेऊन या." रोज तपासायचं काम माझं.

ही म्हणते, "उजेड दिसतो हो."

कसला उजेड? उजेड काय एकच असतो! जन्म गेला इंग्रजी कविता शिकवण्यात, आणि घरात ही तऱ्हा!

४ मार्च

शिकवायला घेतलं. चादरीआड दिवा – ग्लो. स्थिर, ऊबदार. खिडकीशी धरलेलं स्टीलचं ताट – ग्लीम. घासलेल्या वस्तूचं ते तेज. उन्हात ठेवलेल्या बादलीतलं पाणी भिंतीवर थरथरतं – शिमर. आणि दाराच्या फटीतून मेणबत्ती, आहे-नाही अशी – ग्लिमर. काय शब्द! एकदा हाच धडा घेताना दुपारचं ऊन फळ्यावर आलं होतं आणि शेवटचा बाकसुद्धा गप्प झाला होता. ते दिवस!

ही म्हणाली, "मला मेलीला सगळं सारखंच."

ढ!

७ मार्च

ताटाला ग्लिमर म्हणाली. चहा बंद केला. बरोबर उत्तर येईपर्यंत नाही म्हणजे नाही! लेक फोनवर ओरडली, "बाबा, ती आई आहे, सातवी ब नाही!"

सातवी ब बरी होती.

८ मार्च

पुन्हा चूक. "डोक्यात बटाटे भरलेत का?" म्हटलं. रडली. रडून डोळे आणखी बिघडतील, हेही सांगितलं.

१२ मार्च

चमत्कार! चारही बरोबर. धाकाशिवाय विद्या नाही, हेच खरं. चहा दिला, वर बिस्कीट. डॉक्टरांना फोन केला – "उजेड कळतो, एवढंच नाही, कुठला तेही कळतं!" ते हसले. "मग पुढच्या महिन्यात आणलंत तरी चालेल."

१९ मार्च

रोज पैकीच्या पैकी. आज मात्र काडी ओढली आणि ती विझलीच. मेणबत्ती पेटायचीच होती, तोवर ही म्हणाली, "ग्लिमर!"

हुशार झाली, अंदाज बांधते. तरी उद्या एकदा नीट तपासायला हवं.

२० मार्च

खिडकी घट्ट लावली. पडदा ओढला. रिकाम्या बादलीची कडी वाजवली.

"शिमर," ही झटकन म्हणाली. "भिंतभर नाचतोय. चहा द्याल ना आता?"