देवापुढच्या दोन पुड्या

आप्पा, तुम्ही जाऊन दोन वर्षं झाली, आणि आज मला तुम्हालाच सांगायचंय. तुमच्या नातीच्या पायाचं ऑपरेशन झालं. गुडघ्याजवळचं सडकं हाड काढलं, पाय राहिला. मला वाटलं, सुटलो. तर मद्रासचे डॉक्टर म्हणाले, "डोळ्यांना दिसलं ते काढलं अम्मा. न दिसणारं रक्तात असेल, त्याला औषध पाहिजे." मी विचारलं, कॅन्सरवाल्यांना मशीनखाली करंट देतात तसं? म्हणाले, या रोगाला करंटचा फारसा उपयोग नाही. सलाईनमधूनच औषध, आणि ते दोन तऱ्हेचं. एक हलकं, त्रास कमी. दुसरं जहाल. त्यानं पोरं जास्त वाचतात, पण केस जातात, ओकाऱ्या होतात, कानही मंद होऊ शकतात.

कान, आप्पा! आपल्या मरुदानल्लूर गावच्या भजनात तुमच्या मांडीवर बसून झांज वाजवायला शिकलेली पोर ती. केसांचं ऐकून हसली, "मग उवा कुठं जातील गे आई?" कानांचं मी तिला सांगितलंच नाही.

घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "आपण काय डॉक्टर? देवाला विचार." हे म्हणाले, "आई म्हणते तसं कर." आपल्याकडची रीतच ती, दोन रंगांच्या फुलांच्या पुड्या ठेवून एक उचलायची. तुम्हीही माझ्या शाळेचं असंच विचारलं होतं. पांढरं फूल निघालं, पाचवीनंतर शाळा बंद. मी चुलीमागं बसून रडले तर ओरडलात, "देवानं सांगितलं, आता रडायचं नाही." पण रोज संध्याकाळी पाटीवर आपली मराठी अक्षरं गिरवून घेतलीत. त्याच अक्षरांत लिहिते आहे.

शुक्रवारी देवापुढं दोन पुड्या ठेवल्या. लाल फूल म्हणजे जहाल, पांढरं म्हणजे हलकं. पोरीला कडेवर घेतलं, तिनं एक उचलली. सासूबाई मागं दिवा लावत होत्या. मी पुडी उघडली. पांढरी नंदीवर्दनाची पाकळी दिसली. डॉक्टरांचं एकच बोलणं कानात होतं, जास्त वाचतात, जास्त वाचतात. मी मूठ मिटली.

"काय निघालं गे?" सासूबाईंनी विचारलं.

पोरीनं माझ्या मुठीकडं पाहिलं, माझ्या तोंडाकडं पाहिलं, आणि खणखणीत म्हणाली, "लाल, आजी!"

सोमवारी जहाल औषध सुरू होतंय. मी तिला कुशीत घेऊन कानांचंही सांगितलं. म्हणाली, "मग तू मोठ्यानं बोल."

हे पत्र कुठं टाकायचं, तुमचा पत्ता कुठला? तांदळाच्या डब्याखाली ठेवते. एक कबूल करते आप्पा, देवाला फसवल्याचं मला वाईट वाटत नाही. पोरीला अजून माझ्या हाका ऐकू येतात, म्हणून काम नसतानाही मी तिला सारखी हाक मारते आहे.