नान्सुबुगाची बोटं

कंपाला, मंगळवार

प्रिय आई,

गुडघे टेकून नमस्कार. मी मजेत आहे.

संधिवाताच्या संशोधनात मी आणि माझ्या बरोबरीची नान्सुबुगा रुग्णांचे सांधे दाबून सूज शोधतो, मग यंत्र पडताळून पाहतं. दर वेळी नान्सुबुगाच बरोबर! डॉक्टर म्हणतात, "हिच्या बोटांना डोळे आहेत." माझा नुसता जळफळाट होतो.

तिची युक्ती आता कळली. म्हाताऱ्यांपुढे गुडघे टेकून, हात हातात घेऊन ती घरादाराची खुशाली विचारते आणि तेवढ्यात सगळे सांधे चाचपते. लबाड कुठली!

आज तिनं माझाच हात धरला. "घरचे बरे ना गं?" सोडेचना. मग हळूच म्हणाली, "ही दोन बोटं कधीपासून सुजलीत?"

स्वयंपाकाची कच्ची केळी सोलताना तुझी बोटं आखडायची, ती कुठल्या वयापासून?

यंत्राखाली हात अजून ठेवला नाही. एकदा तरी तिचं चुकू दे, एवढं देवाकडे माग.

तुझीच,
नाब्बोसा