उघड्या बूथवरचा फोन

मंगळवार, १९९७. शेवगाव.

पुण्याचे साहेब आज खुशीत होते. म्हणे, आपल्या मानसिक आरोग्याच्या फोनमुळे खेड्यातली बाई आता घरबसल्या डॉक्टरांशी बोलते. घरबसल्या! अहो, त्या गावात बाईला फोन करायचा तर चौकातल्या एसटीडी बूथशिवाय जागा नाही. आणि बूथचं दार उकाड्यामुळे कायम सुतळीनं उघडं बांधलेलं. ते मी फोन सुरू होण्याआधीच्या पाहणीत स्वतः पाहिलं होतं. तरी अहवालात मी काय लिहिलं? 'सोय उपलब्ध.' शाबास, बाई!

त्याच गावातल्या मंदाला बाळंतपणापासून झोप नाही. नंबर तिला मीच दिला. परवा ती बूथवर गेली. लाइन खराब, म्हणून ओरडून सांगावं लागलं, बाळाला जवळ घ्यायची भीती वाटते. बाहेरच्या रांगेनं सगळं ऐकलं.

आज तिच्या घरी गेले. सासू उंबऱ्यातच म्हणाली, "ताई, लई उपकार केले. सून येडी हाय, आख्ख्या गावाला कळलं. धाडली माहेरी."

"आणि बाळ?"

"ते हितंच. येडीच्या हाती द्यायचं व्हय?"

साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, "पण कॉल लागला ना?" लागला की! कॉम्प्युटरमध्ये 'यशस्वी' म्हणून नोंदलाय. उघड्या दारासाठी त्यात रकानाच नाही. रकाने पाडले कोणी? मीच.

उद्या फोनवरच्या डॉक्टरीणबाईंना घेऊन आधी सासूकडे, मग बाळासकट मंदाच्या माहेरी. बाळ त्याच मागतील. मी मागितलं तर म्हातारी देणार नाही. तिच्या जागी असते, तर मीही मला दिलं नसतं.