क्रेनचा अर्धा सेकंद

८ जानेवारी, सकाळी ७
साखर कारखान्याच्या यार्डातल्या कामगार बंधूंनो! उसाची मोळी वर नेणारी आपली क्रेन खाली यायला वळली, की अर्धा सेकंद गप्प उभी राहते. हा खोळंबा कुठवर सोसायचा? (सव्वीस जानेवारीचं भाषण असंच सुरू करायचं. यार्ड हादरेल.)

नवीन इंजिनिअर वर्षाराणी मॅडम म्हणाल्या, मोटरला करंट देणारे दोन रेक्टिफायर आहेत, एक सुलट फिरवायला, एक उलट. एकातला करंट शून्यावर येण्याआधी दुसरा पेटला तर शॉर्ट होईल, हा अर्ध्या सेकंदाचा थांबा त्यासाठीच. मी म्हणालो, विलंब हे नोकरशाहीचं हत्यार आहे. त्या पॅनेलकडे निघून गेल्या. पटलं असावं.

९ जानेवारी
मी इलेक्ट्रिकल फोरमन. पॅनेल उघडून थांबा शून्यावर आणला. सभेत जाहीर केलं : क्रेन एकदा जरी बंद पडली, तर सव्वीस जानेवारीचा माईक सोडीन. कडाडून टाळ्या.

१२ जानेवारी
फ्यूज उडाला. मॅडम म्हणतात, मिसफायर, दुसरा वेळेआधी पेटला. मी म्हणतो, फ्यूज भित्रा. दहा मिनिटांत बदलला. दहा मिनिटांना बंद पडणं म्हणत नाहीत.

१६ जानेवारी
आज तीन उडाले. क्रेनवरचा धुळाप्पा म्हणाला, "सायेब, तेवढ्या टायमात तंबाखूबी मळून होत न्हाय, मग तुमचंच काय अडतंय?" प्रतिगामी माणूस.

१८ जानेवारी
स्टोअरमधले फ्यूज संपले. तिथं तांब्याची जाड तार बसवली. आता उडून दाखव!

२१ जानेवारी, दुपारी ३
मोठा आवाज. दोन्ही रेक्टिफायर फुटले. मोळी ब्रेकवर अधांतरी लटकलेली. खाली कुणी नव्हतं, हे नशीब. ट्रॅक्टरांची रांग पार कळंब रोडपर्यंत. तार मात्र शाबूत. माझी कारागिरी.

२४ जानेवारी
नवे रेक्टिफायर आले. मॅडमनी थांबा परत लावला. शिवाय एक इलेक्ट्रॉनिक कार्ड बसवलं : पहिल्याचा करंट मेल्याशिवाय दुसऱ्याला पेटूच देत नाही. मी गुपचूप घड्याळ लावलं. माझ्या राज्यात एक ट्रॅक्टर नऊ मिनिटांत रिकामा व्हायचा. आताही नऊच मिनिटांत होतो.

२६ जानेवारी
माईक धुळाप्पाकडे गेला. तो म्हणाला, "झेंडा झाला, जिलबी घ्या, कामाला लागा." टाळ्या माझ्यापेक्षा जास्त. लोकांना भूक लागली होती.

मॅडमनी पॅनेलच्या दारावर सूचना लिहायला सांगितली. मी चाळीस ओळी लिहिल्या. त्यांनी एक ठेवली. दुपारी मीच ती स्वतःच्या हाताने लाल रंगात रंगवली :

बंधूंनो, फ्यूजच्या जागी तार घालू नका.